सी ड्राइव्ह लाल झालाय? क्लीनर चालवण्याआधी आणि नंतर काय करायचं

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की बहुतेक जण गूगलवर 'पीसी क्लीनर फ्री' टाकतात आणि वरच्या पहिल्याच जाहिरातीवर क्लिक करतात. मग तो प्रोग्राम मिनिटभर काहीतरी तपासल्यासारखं करतो, लाल अक्षरांत हजारो 'इश्यूज' दाखवतो आणि ते काढायचे तर लायसन्स घ्या म्हणतो. त्या हजारांत बहुतांश साध्या कुकीज (साइट्स ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या फाइल्स) असतात, नाहीतर रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या, कुणाला त्रास न देणाऱ्या नोंदी.

हे क्लीनर दोन कामं एकाच बटणाखाली विकतात: जागा मोकळी करणं आणि खासगी माहिती पुसणं. पण ही दोन्ही कामं वेगळी आहेत. जागा खाणाऱ्या फाइल्स मोजक्या आणि अवाढव्य असतात आणि त्यांत सहसा लपवण्यासारखं काही नसतं. जी फाइल भलत्याच्या हाती पडली तर झोप उडेल ती मात्र पाचशे केबीचीही नसते: आधारची पीडीएफ, बँकेचं स्टेटमेंट, ब्राउझरमधलं उघडं राहिलेलं लॉगिन. म्हणून मी आधी जागेचं काम उरकतो आणि मग खासगीपणाचं, आणि क्लीनर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी येतो.

खालचं सगळं विंडोज ११ धरून लिहिलंय. विंडोज १० मध्ये मेनू थोडे इकडेतिकडे असतात, पण कामं तीच. (विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. त्यामुळे त्या मशीनवर खासगीपणाची चिंता असेल, तर क्लीनरच्या आधी तिकडे बघायला हवं.)

हात लावण्याआधी

पहिलं, बॅकअप. फोटो, टॅलीचा डेटा, मुलांचे प्रोजेक्ट, जे गेलं तर परत मिळणार नाही ते सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि त्यातल्या दोनचार फाइल्स उघडून बघा. कॉपी झाली म्हणजे फाइल उघडते असं नाही.

दुसरं, वनड्राइव्ह. डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्समधल्या फाइल्सजवळ छोटा ढग किंवा हिरवी टिकली दिसत असेल, तर ती फोल्डर्स क्लाउडशी जोडलेली आहेत. तिथून फाइल डिलीट केली की क्लाउडवरूनही जाते. फक्त लॅपटॉपवरची जागा हवी असेल, तर फाइलवर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडा. नाव दिसत राहतं, फाइल क्लाउडवर राहते.

तिसरं, डिस्क कोणती आहे ते बघा. टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'वर जा, 'डिस्क ०' खाली एसएसडी (चिपवर साठवणारी) की एचडीडी (फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क) ते लिहिलेलं असतं. लॅपटॉप विकायची वेळ आली की हे उपयोगी पडेल.

आणि '२५६ जीबीचा लॅपटॉप घेतला, पण २३८च दिसतात' ही तक्रार असेल तर कुणी फसवलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. शिवाय २०१९ पासून विंडोज अपडेट्ससाठी साधारण ७ जीबी जागा राखूनही ठेवतं.

जागा गेली कुठे?

अंदाजाने फोल्डर्स धुंडाळत बसू नका. विझट्री किंवा विनडिरस्टॅट यांपैकी एक घ्या. दोन्ही कुठली फाइल किती जागा खाते ते चित्रात दाखवतात. विनडिरस्टॅट मुक्त स्रोत (कोड सगळ्यांना खुला) आहे. विझट्री घरगुती वापराला फुकट, ऑफिसात लायसन्स लागतं. मी विझट्री वापरतो, कारण ते एकेक फोल्डर उघडत बसत नाही. एनटीएफएसचं (विंडोजच्या फाइल साठवायच्या पद्धतीचं) फाइलींचं मूळ रजिस्टरच थेट वाचतं आणि काही सेकंदांत पूर्ण ड्राइव्हचा नकाशा काढतं. जितकी फाइल मोठी तितका चौकोन मोठा. राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडा.

एका नातेवाइकाच्या लॅपटॉपचा नकाशा बघा. अर्ध्याच्या आसपास जागा एकाच चौकोनाने अडवलेली. तो होता आयफोनचा बॅकअप, आणि फोन तर विकूनही झालेला. आयट्यून्स हा बॅकअप 'ॲपडेटा'सारख्या लपवलेल्या फोल्डरात ठेवतं, म्हणून साध्या एक्सप्लोररमध्ये नजरेला पडत नाही. त्याखालोखाल डाउनलोड्समधलं 'टेलिग्राम डेस्कटॉप' नावाचं फोल्डर, पूर्ण लांबीच्या सिनेमांनी भरलेलं. मग विंडोजच्या स्वतःच्या मोठ्या फाइल्स. आणि ज्या 'टेम्प' फायलींसाठी लोक क्लीनर चालवतात, त्यांचा चौकोन शोधायला झूम करावं लागलं.

नकाशात हमखास भेटणारी मंडळी आणि त्यांचं काय करायचं ते सांगतो.

'हायबरफिल' ही हायबरनेशनची, म्हणजे उघडं काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करण्याची, फाइल. साधारणपणे रॅमच्या ४० टक्के, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर सहा जीबीच्या पुढे. तुम्ही कधीच हायबरनेट करत नसाल, तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजीत पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ असं टाइप करा. फाइल लगेच जाते. तिच्याबरोबर 'फास्ट स्टार्टअप'ही जातं, त्यामुळे जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनवर सुरू व्हायला जरा वेळ लागेल. बॅटरी दगा देणाऱ्या लॅपटॉपवर मात्र हायबरनेशन राहू द्या.

'पेजफाइल'ला (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) हात लावू नका. 'विनएसएक्सएस' हे विंडोजच्या घटकांचं फोल्डर अगडबंब दिसतं, पण त्यातल्या कितीतरी फाइल्स दुसरीकडच्याच असतात, दोनदा मोजल्या गेलेल्या. ते हाताने डिलीट करायला सांगणारा यूट्यूब व्हिडिओ दिसला तर बंद करा. तीच गोष्ट विंडोजमधल्या 'इन्स्टॉलर' फोल्डरची. ते उडवलं की काही महिन्यांनी एखादं सॉफ्टवेअर ना अपडेट होतं ना काढता येतं, आणि तोवर कारण कुणाला आठवत नाही.

'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' फुगलेलं असेल तर त्यात रिस्टोअर पॉइंट्स आहेत, म्हणजे बिघाड झाला तर विंडोज मागच्या स्थितीत न्यायच्या खुणा. सर्चमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा, 'कॉन्फिगर'मध्ये जाऊन मर्यादेची पट्टी मागे ओढा. पूर्ण बंद करू नका. फोनचे बॅकअप त्या त्या ॲपमधूनच काढा, फोल्डर उचलून फेकू नका.

विंडोजची स्वतःची साफसफाई

आता सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. इथे विंडोज स्वतःच यादी देतं आणि बहुतेक घरांत एवढ्यावर काम भागतं. विंडोज अपडेटचा उरलासुरला कचरा, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन, एरर रिपोर्ट्स, टेम्पररी इंटरनेट फाइल्स यांवर बिनधास्त टिक करा. थंबनेल्स आणि शेडर कॅशे काढले तरी ते परत तयार होणारच, त्यामुळे तिथली 'बचत' चार दिवसांची.

दोन ओळींपाशी मात्र थांबा.

एक, 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन'. मोठं अपडेट झाल्यावर जुनं विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' या नावाने राहतं, दहावीस जीबी सहज घेतं आणि साधारण दहा दिवसांनी आपोआप जातं. नव्या अपडेटनंतर प्रिंटर, स्कॅनर, बायोमेट्रिक मशीन सगळं चालतंय ना, हे बघूनच काढा. काढलं की मागे जायचा रस्ता बंद.

दुसरी, 'डाउनलोड्स'. टेम्पररी फाइल्सच्या यादीत तुमचं डाउनलोड्स फोल्डर असणं हा माझ्या मते मायक्रोसॉफ्टचा सगळ्यात वाईट निर्णय आहे. आपल्याकडे लोक डाउनलोड्सलाच कपाट मानतात. मार्कशीट, सातबारा, विम्याची पॉलिसी, सगळं तिथेच. त्यावर टिक नाही ना हे 'रिमूव्ह फाइल्स' दाबण्याआधी दोनदा बघा.

मग वर 'स्टोरेज सेन्स' चालू करा. रिसायकल बिनला ३० दिवस, डाउनलोड्सला 'नेव्हर'. आणि सेटिंग्जमधल्या 'इन्स्टॉल्ड ॲप्स'ची यादी साइझप्रमाणे लावून न लागणारी सॉफ्टवेअर्स काढा. लॅपटॉपबरोबर आलेले ट्रायल अँटिव्हायरस आणि गेम्स पहिल्यांदा.

किती मोकळी ठेवायची? एसएसडी असेल तर निदान दहापंधरा टक्के. काठोकाठ भरलेली एसएसडी लिहिताना मंदावते आणि विंडोजची मोठी अपडेट्सही अडतात.

क्लीनर: ब्लीचबिट

एवढं झाल्यावर क्लीनरकडे यायला हरकत नाही. मी ब्लीचबिट सुचवतो. २००८ पासून आहे, फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, घाबरवत नाही आणि काही विकायला येत नाही. (२०१६ मध्ये अमेरिकेत हिलरी क्लिंटन यांच्या ईमेल्सच्या वादात तिथले खासदार ट्रे गाउडी यांनी टीव्हीवर याचं नाव घेतलं आणि या छोट्या सॉफ्टवेअरला फुकटात जाहिरात मिळाली.)

सीक्लीनर का नाही, हा प्रश्न हमखास येतो. ऑगस्ट २०१७ मध्ये सीक्लीनरच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी मालवेअर घुसवलं होतं. महिनाभर ते कुणाच्या लक्षात आलं नाही आणि सुमारे २२.७ लाख लोकांनी ती आवृत्ती वापरली. त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच अवास्टने ही कंपनी विकत घेतली होती. ते प्रकरण केव्हाच मिटलं, आजचं सीक्लीनर बाधित नाही. पण ज्या प्रोग्रामला आपण ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क देऊन प्रत्येक फोल्डरात शिरायला सांगतो, तो कमीत कमी उचापती करणारा असलेला बरा.

वापरायचं असं:

१. ब्लीचबिटच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा. जाहिरातीच्या लिंकवरून किंवा 'फ्री डाउनलोड' साइट्सवरून नको. पोर्टेबल आवृत्ती घेतलीत तर इन्स्टॉलही करावं लागत नाही.

२. सगळे ब्राउझर पूर्ण बंद करा. क्रोम खिडकी मिटल्यावरही मागे चालू राहू शकतं. घड्याळाजवळच्या छोट्या आयकॉन्समध्ये बघा.

३. डावीकडच्या यादीत टिक करा. पहिल्या वेळी फक्त प्रत्येक ब्राउझरचा 'कॅशे' (साइट्सचे साठवलेले फोटो वगैरे), सिस्टिममधल्या 'टेम्पररी फाइल्स' आणि 'मेमरी डंप' (मशीन कोसळल्यावर विंडोजने लिहिलेल्या फाइल्स).

४. 'प्रिव्ह्यू' दाबा. काय काय जाणार त्याची फाइलवार यादी येते. ती खरंच वाचा. तुमच्या कामाचं फोल्डर त्यात दिसलं तर प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ते वगळा.

५. मगच 'क्लीन'.

आता टाळायच्या गोष्टी. ब्राउझरखालच्या 'पासवर्ड्स'वर टिक केली की सेव्ह केलेले सगळे पासवर्ड जातात. ब्लीचबिट इशारा देतं, पण आपण इशारे वाचत नाही. 'डीप स्कॅन'मधला 'बॅकअप फाइल्स' हा पर्याय सगळ्यात फसवा: तो शेवटी 'डॉट बॅक' असलेल्या फाइल्स शोधून उडवतो. ऑटोकॅड वापरणाऱ्या आर्किटेक्टला विचारा, मूळ ड्रॉइंग बिघडलं की तीच फाइल वाचवते. 'प्रीफेच' काढून काही मिळत नाही. 'फ्री डिस्क स्पेस' हा पर्याय नावावरून जागा देणारा वाटतो. प्रत्यक्षात तो रिकामी जागा निरर्थक डेटाने भरून पुसतो आणि तासन्‌तास घेतो. त्याचं काम पुढे येईल.

रजिस्ट्री क्लीनरचं एका वाक्यात: रजिस्ट्री साफ करून मशीन वेगवान होत नाही, आणि अशा प्रोग्राम्सना मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही.

खासगीपणा: क्लीनर जिथे पोचत नाही

झेरॉक्सच्या किंवा ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातला संगणक आठवा. डाउनलोड्स तारखेप्रमाणे लावलं की कळतं: आधार, आधार कंसात एक, आधार कंसात दोन, कुणाचा पासबुकचा फोटो, कुणाची दहावीची मार्कशीट, लग्नाचा बायोडेटा. मालक बिचारा रोज संध्याकाळी क्लीनर चालवतो आणि मशीन साफ झालं समजतो. क्लीनरच्या दृष्टीने मात्र या फाइल्स कचरा नाहीतच, त्या 'युजरच्या फाइल्स' आहेत. त्यांना तो हातही लावत नाही.

'पण ई-आधारला पासवर्ड असतो की!' असतो: नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. नाव तर फाइलशेजारच्या मार्कशीटवर छापलेलंच आहे, जन्मतारीखही. म्हणून बाहेरच्या मशीनवर शक्यतो ई-आधार उतरवूच नका. आधार देणाऱ्या यूआयडीएआयचाही हाच सल्ला आहे. उतरवावंच लागलं तर मास्क्ड आधार घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रिंट निघाली की स्वतः उभं राहून फाइल शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबून काढा, म्हणजे ती रिसायकल बिनमध्ये थांबत नाही. दुकान तुमचंच असेल तर डाउनलोड्समध्ये 'ग्राहक' असं एक फोल्डर करा, ब्राउझरची सेव्ह करायची जागा तीच ठेवा आणि रात्री शटर ओढायच्या आधी ते रिकामं करा.

ब्राउझरकडे वळू. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकदम दाबलं की पुसायची खिडकी उघडते. कॅशे म्हणजे साइट्सचे साठवलेले फोटो वगैरे. यात जागा आहे, धोका कमी. कुकीज म्हणजे तुमची लॉगिन्स. पुसल्या की सगळीकडे परत पासवर्ड टाकावे लागतात. हिस्टरी म्हणजे कुठे कुठे गेलात ते. ऑटोफिल म्हणजे पत्ता, फोन नंबर, कार्ड. घरच्या मशीनवर कॅशे आणि हिस्टरी पुरे. दुसऱ्याच्या मशीनवर सगळं, आणि काळ 'ऑल टाइम'. सामायिक मशीनवर तर ब्राउझर बंद होताच कुकीज जातील अशीच सेटिंग ठेवावी. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत ती आहे.

क्रोममध्ये गूगल अकाउंटने सिंक चालू असेल तर लॅपटॉपवर पुसलेली हिस्टरी फोनवरूनही जाते. तरी गूगलच्या 'माय ॲक्टिव्हिटी'तली नोंद वेगळी. ती तिथे जाऊन काढावी लागते. इन्कॉग्निटो खिडकी हिस्टरी ठेवत नाही, पण उतरवलेली फाइल डाउनलोड्समध्ये राहतेच. आणि इंटरनेट कंपनीकडे जे दिसतं त्यावर तुमच्या लॅपटॉपवरच्या कुठल्याच क्लीनरचा अंमल नाही.

व्हॉट्सॲप वेब बाहेर उघडलं असेल तर फोनवर सेटिंग्जमधलं 'लिंक्ड डिव्हाइसेस' बघा. ओळखीचं नसलेलं प्रत्येक मशीन तिथून लॉगआउट करा. हे फोनवरूनच करावं, म्हणजे समोरच्या मशीनवर काय पुसलं गेलं आणि काय राहिलं यावर विसंबावं लागत नाही.

दोन किरकोळ जागा. विंडोज आणि व्ही एकत्र दाबून बघा: क्लिपबोर्ड हिस्टरी चालू असेल तर शेवटच्या २५ कॉपी तिथे रांगेत दिसतील, कॉपी केलेला पासवर्डही. 'क्लिअर ऑल' करा. आणि फाइल एक्सप्लोररच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'प्रायव्हसी'खालचं 'क्लिअर' दाबलं की अलीकडे उघडलेल्या फाइल्सची यादी जाते. फाइल्स नाही, फक्त यादी.

डिलीट केलेली फाइल खरंच जाते का

रिसायकल बिन रिकामी केली तरी विंडोज फक्त नोंद काढतं. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं, शेत मात्र जागच्या जागी. दुसरा कुणी येऊन नांगर फिरवेपर्यंत जुनं पीक तसंच उभं. रिकव्हरी सॉफ्टवेअर या उभ्या पिकावरच चालतं.

फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर याला सरळ उपाय आहे: वर लिहायचं. ब्लीचबिटमध्ये ठरावीक फाइल 'श्रेड' करता येते, आणि आधीच डिलीट झालेल्यांसाठी तो मघाचा 'फ्री डिस्क स्पेस' पर्याय रात्रभर लावून ठेवायचा. एकदा लिहिलं की पुरे. ३५ वेळा लिहायची पद्धत पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधातून आली, आणि आजच्या डिस्कसाठी त्या ३५ फेऱ्यांना अर्थ नाही हे त्यांनीच नंतर स्पष्ट केलं. तरी काही दुकानदार 'मिलिटरी ग्रेड'चे पैसे लावतात.

एसएसडीवर गणित बदलतं. तिचा कंट्रोलर झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून नवा डेटा दुसऱ्याच जागी लिहितो, त्यामुळे 'वर लिहिलं' तरी जुनी प्रत आत कुठेतरी राहू शकते. दुसऱ्या बाजूने ट्रिम नावाची सोय विंडोज एसएसडीला कळवत असते की ही जागा आता मोकळी, आणि डेटा बहुधा थोड्याच वेळात जातो. बहुधा. यावर विसंबून आधारची फाइल असलेला लॅपटॉप विकायचा नसतो. एसएसडीवर श्रेडिंग करून फक्त तिची झीज होते. तिथे खरा उपाय एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा डेटा साठवणं, आहे, आणि तोही डेटा साठवायला सुरुवात करण्याआधी चालू केलेला.

सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बघा. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटअप केलं असेल तर, बरेचदा ते आधीच चालू असतं. प्रो आवृत्तीत याच कामासाठी बिटलॉकर. जुन्या मशीनवर चालू करताना 'एंटायर ड्राइव्ह' निवडा, नाहीतर पूर्वी डिलीट केलेलं तसंच उघडं राहतं. रिकव्हरी की लॅपटॉपबाहेर, कागदावर लिहून ठेवा. ती हरवली की तुमचाच डेटा तुम्हाला मिळणार नाही.

लॅपटॉप विकताना किंवा भाच्याला देताना

बॅकअप घ्या, तपासा. ऑफिस आणि इतर लायसन्सची सॉफ्टवेअर्स डीॲक्टिव्हेट करा. ब्राउझरमधून गूगल अकाउंट साइन आउट करा. एन्क्रिप्शन चालू आहे ना बघा, चार्जर लावा. मग सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, 'रीसेट धिस पीसी', 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. पुढे 'चेंज सेटिंग्ज' असं बारीक अक्षरांत येतं. तिथे 'क्लीन डेटा' चालू करा. ही पायरी गाळली तर हार्ड डिस्कवरचा डेटा रिकव्हरीला सापडू शकतो. हार्ड डिस्क असेल तर यात काही तास जातात, मध्येच बंद करू नका.

मशीन परत सुरू होऊन देश निवडायचा स्क्रीन आला की पॉवर बटण दाबून तिथेच बंद करा. मग स्वतःच्या फोनवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जा, 'डिव्हाइसेस'मधून तो लॅपटॉप काढून टाका. मशीन सुरूच होत नसल्यामुळे यातलं काही करता आलं नसेल, तर डिस्क काढून स्वतःकडे ठेवा आणि लॅपटॉप तिच्याशिवाय द्या.